ओले हिमस्खलन

डोंगरउतारावर साचलेल्या हिमात वितळलेले किंवा पावसाचे पाणी मुरले, कणांची एकमेकांवरची पकड सुटली आणि तो थर खाली घसरला, की त्याला ओले हिमस्खलन म्हणतात. वसंतात ते ठरलेलेच असते. ऐन हिवाळ्यात अवेळी उष्मा आला, तर मात्र ते भलत्या वेळी, भलत्या उतारावर होते आणि बॅककंट्री स्कीइंग करणाऱ्यांना बेसावध गाठते. या नोंदीत आकाशातून पडलेल्या कणीदार रूपाला ‘हिम’ आणि गोठून घट्ट झालेल्या पाण्याला ‘बर्फ’ म्हटले आहे. बोलण्यात दोन्ही बर्फच असतात, पण इथे सगळा प्रश्न एकाचे दुसऱ्यात रूपांतर कधी होते याचाच आहे.

बॅककंट्री स्कीइंग म्हणजे लिफ्ट, आखलेले मार्ग आणि गस्त यांच्या पलीकडच्या डोंगरात स्वतःच्या पायांनी चढून स्कीवरून उतरणे. चढताना स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाच्या केसाळ पट्ट्या चिकटवतात. त्यांचे केस मागे झुकलेले असल्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. इथे धोकादायक उतार आधीच स्फोटकांनी मोकळे करून ठेवणारे कोणी नसते. उतार सुरक्षित आहे की नाही हे चढणाऱ्यालाच ठरवावे लागते.

कोरड्या आणि ओल्या हिमस्खलनातला व्यवहारातला फरक मोठा आहे. कोरड्या हिमाची लादी (एकसंध सुटणारा थर) बहुतेक अपघातांत स्कीवाल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनानेच सुटते. ओले हिम बहुधा आपोआप सुटते. त्यामुळे आपण सौम्य वाटेवर असलो तरी 300 मीटर वरचा उतार आपल्यावर येऊ शकतो. कोरड्या हिमात ‘कोणत्या उतारावर जायचे’ हा पहिला प्रश्न असतो. ओल्या हिमात तो ‘किती वाजता तिथून निघून जायचे’ असा होतो.

उष्णतेचा हिशेब : हवेचे तापमान पाहून हिमाचा अंदाज बांधणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. हिम हे उत्तम उष्णतारोधक असते. दिवसभराच्या उन्हाची थेट ऊब वरच्या 20 ते 30 सेंटिमीटरांपलीकडे फारशी जात नाही. मीटरभर खोलीवरच्या कमकुवत थराला दुपारच्या उन्हाचा पत्ताही नसतो. तिथे पोचते ते पाणी, आणि ते फार लवकर पोचते.

1 किलो हिम 10 अंशांनी तापवायला सुमारे 21 किलोजूल उष्णता लागते. शून्य अंशावरचे तेच हिम वितळवायला 334 किलोजूल. म्हणजे थंड हिमाला शून्यावर आणणे हे स्वस्तातले काम, आणि खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. ताजे हिम 80 ते 90 टक्के प्रकाश परत फेकते, जुने ओले हिम 50 ते 60 टक्केच. दर चौरस मीटरवर 1000 वॅट ऊन पडत असेल, तर पहिल्यात 150 वॅटच्या आसपास मुरतात आणि दुसऱ्यात 400 च्या पुढे. एकदा ओला झालेला उतार म्हणूनच अधिक वेगाने ओला होत जातो. वाळवंटातून उडून आलेली धूळ हिमावर बसली तरी हाच परिणाम होतो.

रात्रीचे गोठणे : उद्याच्या दिवसाचे भवितव्य आज रात्रीच्या आकाशावर ठरते. शून्य अंशाचे हिम दर चौरस मीटरमागे सुमारे 315 वॅट उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात सतत बाहेर टाकत असते. निरभ्र, कोरडे आकाश त्यातला बराच कमी भाग परत देते. त्यामुळे हवा शून्याच्या 2–3 अंश वर असूनही हिमाचा पृष्ठभाग गोठू शकतो. ढगाळ रात्री ढग जवळजवळ सगळी उष्णता परत पाठवतात आणि गोठणे थांबते. उष्ण आणि ढगाळ रात्र ही ओल्या हिमाच्या काळातली सर्वांत वाईट रात्र.

हे आकड्यांत पाहता येते. निव्वळ 80 वॅट उष्णता 10 तास बाहेर गेली, तर दर चौरस मीटरमागे साधारण 8.5 किलो पाणी गोठते. हिमात घनफळाच्या 5 टक्के पाणी असेल, तर एवढ्याने सुमारे 17 सेंटिमीटर जाडीचे कवच तयार होते. प्रत्यक्षात ते थोडे कमीच भरते, कारण कवच जाड होऊ लागले की पृष्ठभाग थंड पडतो आणि उष्णता बाहेर जाण्याचा वेग मंदावतो. असे कवच माणसाचे वजन सहज पेलते. ढगांनी रात्र झाकली, तर त्याच जागी 2–3 सेंटिमीटरचा पापुद्रा धरतो आणि सूर्य वर आल्यावर तासाभरात मोडतो.

वारा आणि दमटपणा : कोरडी गरम हवा आणि दमट गरम हवा यांचा हिमावरचा परिणाम वेगळा असतो. कोरड्या हवेत हिमाचे बाष्प होते आणि त्यात उष्णता खर्ची पडून पृष्ठभाग थंड राहतो. हवा 5 अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता 30 टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान, म्हणजे बाष्पीभवनाने थंड झालेल्या ओल्या पृष्ठभागाचे तापमान, शून्याच्या आसपासच राहते. दमट हवेत उलट होते: हवेतले बाष्प हिमावर जमते आणि आपली उष्णता त्यालाच देते. उन्हाचा मागमूस नसताना धुक्यात हिम झपाट्याने बसते ते यामुळे.

पाऊस : पावसाची स्वतःची ऊब नगण्य असते. 5 अंशांचा 10 मिलिमीटर पाऊस चौरस मीटरमागे जेमतेम 600 ग्रॅम हिम वितळवतो. त्याचा घात दुसरीकडून होतो. तो उताराला 10 किलो जादा वजन देतो, आणि थंड थरात शिरून गोठताना किलोमागे 334 किलोजूल उष्णता सोडतो. उणे 10 अंशांचे 16 किलो हिम शून्यावर आणायला तेवढी पुरते. ताज्या कोरड्या हिमावर पाऊस सुरू झाला, की कित्येकदा पहिल्या काही मिनिटांतच उतार सुटू लागतात. तेव्हा ‘थोडा वेळ पाहू’ म्हणायला जागा नसते.

पाणी अडते कुठे : हिमाचा थर एकजिनसी नसतो. बारीक कणांच्या थराखाली भरड, साखरेसारख्या सुट्या कणांचा थर असेल, तर केशाकर्षणामुळे बारीक थर पाणी धरून ठेवतो. ते खाली उतरत नाही, सीमेवर साचत जाते. बर्फाच्या जुन्या कवचावरही ते असेच तुंबते. तिथली पकड गेली, की वरची सगळी लादी एकदम सुटते. म्हणून उतार ऋतूत पहिल्यांदाच खोलवर भिजत असतो ते एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे. भिजणे-गोठणे पुष्कळदा झाले, की पाण्याला निचऱ्याच्या वाटा सापडतात, कण गोल व भरड होतात आणि थर बराच शहाणा होतो. एप्रिलमधला 10 अंशांचा दिवस आणि जानेवारीतला 10 अंशांचा दिवस सारखे नाहीत ते यामुळेच: जानेवारीच्या थरात निचरा झालेला नसतो आणि थंडीत तयार झालेले साखरेसारखे थर शाबूत असतात. 1 जानेवारी 2023 रोजी स्वित्झर्लंडमधील देलेमाँ येथे 20.2 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ऐन हिवाळ्यातला अवेळी उष्मा म्हणतात तो असा.

प्रकार : सुट्या ओल्या हिमाचा लोट एका बिंदूतून निघतो आणि खाली पंख्यासारखा पसरतो. तो सहसा 35–40 अंशांहून तीव्र उतारावर, तापलेल्या कातळाच्या किंवा झाडाच्या बुंध्यापासून सुरू होतो. दिसायला संथ असला तरी माणसाला ढकलत कड्यावरून खाली नेण्याइतकी ताकद त्यात असते. ओली लादी अधिक विनाशकारी, आणि तिचा अचूक अंदाज तज्ज्ञांनाही कठीण जातो. तिसरा प्रकार सरकत्या थराचा. गवताळ किंवा गुळगुळीत कातळी उतारावर सगळाच्या सगळा थर जमिनीवरून दिवसाला मिलिमीटरांपासून मीटरापर्यंत सरकतो आणि त्याला आडव्या, तोंड वासलेल्या भेगा पडतात. ही भेग पाहून उतार कधी सुटेल हे कोणालाही सांगता येत नाही. तो थंड पहाटेही सुटतो. भेगेखाली थांबू नये, एवढाच नियम. पाण्याने पूर्ण भरलेला हिमाचा रेंदा तर 30 अंशांहून बऱ्याच सौम्य उतारावरूनही वाहतो.

हिम वाचणे : मूठभर हिम दाबून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी. गोळा वळतो, पण भिंगातूनही पाणी दिसत नाही, तर पाण्याचे प्रमाण 3 टक्क्यांच्या आत. कणांच्या मध्ये पाणी दिसते पण दाबून निघत नाही, तर 3 ते 8 टक्के. दाबल्यावर बोटांतून पाणी गळते, तर 8 टक्क्यांच्या वर, आणि त्या उतारावरून तेव्हाच मागे फिरावे. थरात खड्डा खणून दर 10 सेंटिमीटरला तापमापी खुपसल्यास पृष्ठभागापासून तळापर्यंत शून्य अंश आहे का, हे कळते. तसे असेल आणि रात्री गोठले नसेल, तर त्या थराच्या अंगात थंडीची काही शिल्लक उरलेली नाही.

पायही पुष्कळ सांगतो. पहाटे स्की काढून कवचावर उभे राहावे. कवच पेलते, तोवर उतार ठीक. बूट घोट्यापर्यंत रुतू लागला, की वेळ संपत आली. उतारावरून आपोआप सुटणारे हिमाचे गोळे आणि चक्रे हा त्याआधीचा इशारा. पहाटे लहानसहान गोळे आणि तासाभरात जात्याच्या पाळीएवढी चक्रे, असा क्रम दिसला तर वरचा थर झपाट्याने भिजतो आहे.

दिवसाची आखणी : उत्तर गोलार्धात सकाळी पूर्वेकडचे, दुपारी दक्षिणेकडचे आणि नंतर पश्चिमेकडचे उतार तापतात, उत्तरेकडचे सर्वांत शेवटी, पण पहिल्यांदा भिजतात तेव्हा तेच दगा देतात. बेत उलट बाजूने आखावा: उतरायचा उतार किती वाजता मऊ होईल ते आधी ठरवावे आणि चढाईची वेळ त्यातून वजा करावी. ताशी 300 ते 400 मीटर उंची चढणाऱ्या गटाला 1200 मीटरांसाठी 3 ते 4 तास लागतात. पूर्वेचा उतार 9 वाजता उतरायचा असेल, तर डोक्यावर दिवा लावून 5 च्या आधी निघणे आले. कवचाचे वरचे 2–3 सेंटिमीटर सुटे झाले आणि खाली टणक आधार आहे, ती उतरण्याची नेमकी वेळ. ती कधीकधी अर्धा तासच टिकते.

बिघडते ते बहुधा उशिरामुळे. पहाटेच्या टणक कवचावर स्किन घसरतात. स्कीला लावायचे काटे पिशवीच्या तळाशी असतात आणि तिथेच अर्धा तास जातो. पुढे उन्हातल्या ओल्या हिमातून सावलीतल्या थंड, कोरड्या हिमात शिरले, की भिजलेल्या स्किनला हिमाचे गोळे चिकटतात. प्रत्येक पाऊल किलोभर जड होते. उन्हात येण्यापूर्वीच स्किनला मेण घासले तर हे टळते. उशीर झालाच, तर शिखर सोडावे. आणखी एक गोष्ट नकाशावर सहज सुटते, ती परतीची वाट. सकाळी गोठलेल्या दरीच्या तळातून आरामात गेलेला गट दुपारी 2 वाजता त्याच वाटेने, तापलेल्या दक्षिण उतारांच्या आणि ओथंबलेल्या हिमछज्जांच्या (कड्याच्या काठावरून पुढे झुकलेल्या हिमाच्या) खालून परततो. अरुंद घळीच्या तोंडाशी मलबा खोल साचतो. तिथून एकेकाने, अंतर ठेवून, न थांबता जावे. ओढ्यांवरचे हिमपूलही या वेळी पोकळ झालेले असतात.

युरोपात 1993 पासून हिमस्खलनाच्या धोक्याची 5 पातळ्यांची मोजपट्टी वापरात आहे. वसंतात इशाऱ्याच्या अनेक पत्रकांत सकाळची आणि दुपारची अशा दोन वेगळ्या पातळ्या देतात. सकाळची पातळी वाचून दुपारी हिंडणे ही चूक वारंवार घडते. भारतात हिमालयासाठीचे इशारे चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था देते. हिमाचल प्रदेशातील झाडांच्या वाढवर्तुळांवरून केलेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तापमानवाढीबरोबर पश्चिम हिमालयात हिमस्खलने वाढल्याचे आढळले. हिवाळ्याच्या अखेरीस हिम लवकर ओले होऊ लागले, हे त्यामागचे एक कारण मानले गेले.

शोध आणि सुटका : प्रत्येकाजवळ 457 किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा शोध लावण्यासाठी संकेत पाठवणारे आणि पकडणारे यंत्र), किमान 240 सेंटिमीटरची शोधकाठी आणि धातूच्या पात्याचे फावडे हवेच. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून एरवी 20 आणि शोधताना 50 सेंटिमीटर दूर ठेवावा, नाहीतर संकेत बिघडतो. माणूस शेवटचा जिथे दिसला ती जागा लक्षात ठेवून, इतरांचे ट्रान्सीव्हर शोध-स्थितीत आणून, 40–50 मीटर रुंदीच्या पट्ट्यांत खाली सरकावे. संकेत सर्वांत तीव्र मिळेल तिथून 25 सेंटिमीटरांच्या अंतराने, सर्पिल आकारात, उताराला काटकोनात शोधकाठी खुपसावी. ती माणसाला लागली की काढू नये. खणणे काठीपाशी सुरू न करता, गाडल्याच्या खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूने आत शिरावे आणि आधी तोंड व छाती मोकळी करावी.

स्वित्झर्लंडमधील नोंदींवरून 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलेले 91 टक्के लोक वाचले. 30 मिनिटांपर्यंत हे प्रमाण 31 टक्क्यांवर येते. ओल्या हिमात ही मिनिटे आणखी अपुरी पडतात. शून्य अंशावरचे कण एकमेकांवर घासत येतात आणि लोट थांबताच एकमेकांना गोठून चिकटतात. मलब्याचे वजन घनमीटरला 500 किलोंच्या पुढे जाते. हात-पाय त्या जागी जखडतात, छाती फुगायला जागा राहत नाही. प्लास्टिकचे फावडे अशा मलब्यावर वाकते. धातूच्या पात्यानेही आधी घाव घालून त्याचे ठोकळे पाडावे लागतात आणि मग ते मागच्या माणसाकडे सरकवावे लागतात. थोड्या थोड्या वेळाने पुढचा खणणारा बदलला, तरच हा वेग टिकतो.