फुकटची पीडीएफ, मग पैसे कशाचे?

आमच्याकडे अध्यापन साहित्य छापून घेणाऱ्या शाळांसाठी आणि शिक्षकांसाठी

"हे सगळं संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहे ना, मग तुम्ही पैसे कशाचे घेता?" काउंटरवर हा प्रश्न रोज येतो आणि तो रास्त आहे. साहित्याचे पैसे आम्ही घेत नाही. कागद, छपाई, लॅमिनेशन, कटिंग आणि खोका, बिल एवढ्याचंच. पाठ तयार करणारी ना-नफा संस्था वेगळी, आम्ही तिचे छापणारे.

फुकट कार्यपत्रिकांची टंचाई तशी कुणालाच नाही. एखादा विषय शोधला की ढीग सापडतो आणि सुट्टीची दुपार तो उपसण्यात जाते. संस्थेकडचा पाठ मात्र वर्गातून फिरून आलेला असतो. लिहिणारा शिक्षक तो आधी आपल्या वर्गात घेतो, मग दुसरा शिक्षक त्याच्या वर्गात. मुलं कुठे अडली याची नोंद होते आणि पाठ पुन्हा लिहिला जातो.

एक उदाहरण घ्या. १/४ आणि १/३ यांची बेरीज मुलं बिनदिक्कत २/७ करतात. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. नेहमीची कार्यपत्रिका यावर आणखी वीस गणितं देते. संस्थेच्या पाठात ही चूक शिक्षकासाठीच्या टिपेत आधीच लिहिलेली असते आणि तिच्यापुढे एक प्रश्न: "याच पद्धतीनं अर्धा आणि अर्धा मिळवून बघ, किती येतं?" येतात २/४, म्हणजे परत अर्धाच. मूल तिथे थबकतं आणि पुढचं शिकवणं सोपं होतं. साहित्याचा दर्जा ठरतो तो अशा टिपेवर, चित्रांच्या रंगांवर नाही. (छपाईवाल्यानं हे बोलू नये, पण खरं आहे.) म्हणून एक विनंती: खर्च कमी करायला शिक्षक-टिपांची पानं गाळू नका. आमच्याकडे सगळ्यात आधी कात्री लागते ती नेमकी त्यांनाच.

अपूर्णांकाची पट्टी २४ सेंटिमीटरचीच का?

अपूर्णांकाची पट्टी म्हणजे सारख्या भागांत कापून अर्धा, तृतीयांश, पाव दाखवणारी कागदी पट्टी; प्रत्येक प्रकारच्या भागांचं पान वेगळं. २४ चे २, ३, ४, ६, ८ आणि १२ सारखे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात. मुलाला फूटपट्टीनं मोजून, स्वतः कापून बघता येतं. ३० सेंटिमीटर घेतले असते तर पाचवे आणि दहावे भाग नीट पडले असते, पण ए-४ कागद लांबीला २९.७ सेंटिमीटर भरतो. तीन मिलिमीटरनं गाडी चुकली! त्यामुळे पाचवा भाग ४.८ सेंटिमीटरचा होतो. मशीनला ते जमतं, मुलाच्या कात्रीला नाही. पाचव्या भागांचं पान आम्ही कापूनच देतो.

पहिल्या संचाच्या वेळी आमच्याकडून घोटाळा झाला होता. पूर्ण पट्टीचं पान मूळ मापात छापलं आणि तृतीयांशाचं पान 'फिट टू पेज'वर (कागदात बसावं म्हणून आकार बदलणाऱ्या पर्यायावर) राहून गेलं, त्यामुळे ते ९७ टक्क्यांवर आलं. तीन तृतीयांश शेजारी शेजारी लावले की ते पूर्ण पट्टीपेक्षा सात मिलिमीटर आखूड! सगळी पानं सारखीच आकसली असती तर बिघडलं नसतं, भाग जुळलेच असते. एकच आकसलं म्हणून गणित चुकलं. अख्खा संच पुन्हा छापला. आपण शाळेत छापत असाल तर प्रिंटरवर 'ॲक्च्युअल साइज' किंवा १०० टक्के निवडा.

परवान्याबद्दल

कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक संसाधने' म्हणतात. हे नाव २००२ साली युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत रूढ झालं आणि त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे, साहित्य कसं वापरता येईल हे सांगणारे पहिले परवाने आले. पानाच्या तळाशी दिसणारी अक्षरं त्यांचीच. बीवाय म्हणजे श्रेय द्या. एसए म्हणजे बदल करून वाटलंत तर त्याच परवान्याखाली वाटा. एनडी असेल तर बदललेली प्रत वाटता येत नाही, म्हणजे भाषांतर करून देणंही बसत नाही. ते काम घेऊन येण्याआधी ही अक्षरं तेवढी बघा.

एनसी, म्हणजे व्यापारी वापर नाही, यावरून मात्र वाद होतो. अमेरिकेत ग्रेट माइंड्स या ना-नफा संस्थेनं फेडएक्स ऑफिस या छपाईच्या दुकानांच्या साखळीवर याच मुद्द्यावर दावा केला होता. शाळांनी सांगितल्यावरून दुकानानं पैसे घेऊन प्रती काढल्या, तर तो परवान्याचा भंग नाही, असं तिथल्या अपील न्यायालयानं २०१८ मध्ये म्हटलं. कायदा देशागणिक बदलतो, म्हणून आम्ही आमच्यापुरता नियम केला आहे: एनसी साहित्य शाळेच्या किंवा शिक्षकाच्या मागणीवरच छापायचं, दुकानात मांडून विकायचं नाही. तयार संच मिळत नाही म्हणून काही ग्राहक रागावतात. त्याला इलाज नाही.

पाठात आपल्या वर्गासाठी बदल हवे असतील तर पीडीएफऐवजी संपादन करता येणारी फाइल संस्थेकडे मागा. पीडीएफवर केलेली डागडुजी छापल्यावर उघडी पडते.

संच हातात आला की आधी पूर्ण पट्टी फूटपट्टीला लावा आणि शेजारी तीन तृतीयांश मांडा. २४ सेंटिमीटर भरले नाहीत तर संच परत आणा, बदलून देऊ.