गुडघ्याचं तेल नेमकं कुणी शोधलं?

गणपतीत चाकरमानी गावी उतरले की एकाच वाय-फायवर घरभर मोबाइल चालतात. काकू गुडघेदुखीचं तेल शोधते आणि संध्याकाळी त्याच तेलाची जाहिरात पुतण्याच्या मोबाइलवर! "फोन आपलं बोलणं ऐकतो," असं निदान लगेच होतं. त्यासाठी ऐकायची गरजच नाही. राउटरमागचे सगळे मोबाइल बाहेरून बहुधा एकाच आयपी पत्त्यावर (इंटरनेटवरच्या कनेक्शनचा क्रमांक) दिसतात आणि जाहिरातवाले ते एका घरातले धरतात. ब्राउझरच्या इनकॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीने हे लपत नाही, फक्त आपल्या मोबाइलवर इतिहास उरत नाही.

शोध घ्यायचा, पण कुणी घेतला ते कळू द्यायचं नाही, हे जमेल का? मायकेल रायटर आणि एव्हिएल रुबिन या संगणकशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये 'क्राउड्स' ही युक्ती मांडली.

समजा, दापोलीकडच्या एका वाडीतली १२ घरं एकत्र आली, प्रत्येकाचं कनेक्शन वेगळं. एखाद्या घरातला प्रश्न थेट सर्च इंजिनकडे जात नाही. तो चिठ्ठी टाकून निवडलेल्या कुठल्याही घराकडे जातो. तिथला संगणक पुन्हा नशीब आजमावतो : चारात तीन वेळा पुढच्या कुणाकडे ढकलायचं, एकदा बाहेर सोडायचं. सरासरी ४ हात फिरून प्रश्न बाहेर पडतो, उत्तर त्याच वाटेने उलट येतं. सर्च इंजिनला फक्त शेवटचं घर दिसतं, आणि ते तर चिठ्ठीनेच ठरलेलं!

खरी मजा पुढे आहे. गटातच कुणी फितूर निघाला तर? प्रश्न कुणी हातात दिला ते त्याला कळतं. पण देणारा मूळ मालक, की नुसता वाटेवरचा? मालक असण्याची शक्यता = १ − ३/४ × (मालक सोडून उरलेली प्रामाणिक घरं ÷ एकूण घरं). फितूर एक असेल तर १ − ३/४ × १०/१२, म्हणजे ०.३७५. तिघे संगनमताने फितूर असले तरी बरोबर ०.५. चौथा सामील झाला की मात्र संशयाचं पारडं जड होतं. आणि एकदा पडलेली वाट सहसा बदलत नाहीत. दर प्रश्नाला नवी वाट काढली, तर फितुराला मूळ मालक इतरांपेक्षा जास्त वेळा भेटत राहील.

एवढं करूनही एक भोक उरतंच. देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्याचा आवाज एकच असतो, पण ज्याचं गाऱ्हाणं त्याचं नाव त्यात येतंच. शोधाचंही तसंच. ऑगस्ट २००६ मध्ये 'एओएल' या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांचे जवळपास २ कोटी शोध, नावं काढून फक्त क्रमांक ठेवून, संशोधनासाठी खुले केले. पत्रकारांनी नुसते शोध वाचून त्यातल्या एका बाईचं घर गाठलं. आपल्याकडे गाव, वाडी आणि आडनाव घालून सातबारा शोधला, तर प्रश्न १२ घरं फिरला काय नि १२०० फिरला काय!

आणि 'शंभर टक्के गोपनीयता' विकणारे व्हीपीएनवाले, म्हणजे आपली सगळी ये-जा स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवणारे? तिथे १२ घरांच्या जागी एकच मध्यस्थ असतो. कोण कुठल्या साइटवर गेलं हे त्याला दिसतं, आणि तो फितूर निघाला तर वरच्या गणितात घालायला दुसरं घरच नाही.