आक्रमक युद्धाला जागतिक विरोध

आक्रमक युद्धाला जागतिक विरोध : स्वसंरक्षणाचे कारण नसताना एका राज्याने दुसऱ्यावर लादलेल्या युद्धाविरुद्ध जगभरची जनता, सरकारे आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांनी उभा केलेला विरोध. रस्त्यावरचे मोर्चे, संयुक्त राष्ट्रांतील मतदान, आर्थिक निर्बंध, लष्करी तळ नाकारणे आणि न्यायालयीन कारवाई ही त्याची मुख्य रूपे. अशा विरोधाने सुरू झालेले युद्ध क्वचितच थांबते. मात्र आक्रमकाला मोजावी लागणारी किंमत वाढते, आणि पुढच्या युद्धाआधीची राजकीय गणिते बदलतात.

एकेकाळी युद्ध पुकारणे हा राज्याचा हक्कच समजला जाई. १९२८ च्या पॅरिस कराराने तो प्रथम नाकारला, १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने बळाच्या वापरावर बंदी घातली आणि १९४६ मध्ये नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणाने आक्रमक युद्धाला सर्वोच्च आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवले.

हा विरोध पूर्णपणे यशस्वी झाल्याचे ठळक उदाहरण म्हणजे १९५६ चे सुएझ प्रकरण. ईजिप्तने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केल्यावर इस्राएल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी त्याच्यावर हल्ला केला. सुरक्षा परिषदेत ब्रिटन व फ्रान्स यांनी नकाराधिकार (ठराव रोखण्याचा कायम सदस्यांचा अधिकार) वापरला, म्हणून प्रश्न सर्व सदस्य देशांच्या आमसभेकडे गेला. तिथे युद्धबंदीचा ठराव ६४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. लंडनमध्ये लोक ट्रॅफल्गार चौकात उतरले होते, पण निर्णायक ठरला तो पैसा : पौंड कोसळू लागला आणि माघारीशिवाय मदत नाही, असे अमेरिकेने बजावले. वर्षअखेर ब्रिटिश व फ्रेंच सैन्य परतले, जानेवारीत पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला. संयुक्त राष्ट्रांची पहिली सशस्त्र शांतिसेनाही याच प्रसंगातून जन्मली. जनमत, मतदान आणि तिजोरी असे तिन्ही एका बाजूला येणे पुढे फारसे घडले नाही.

१५ फेब्रुवारी २००३ रोजी इराकवरील अमेरिकेच्या नियोजित हल्ल्याविरुद्ध सुमारे ६०० शहरांत निदर्शने झाली. तरीही २० मार्चला युद्ध सुरू झालेच. म्हणून ती निदर्शने वाया गेली असे म्हटले जाते. ते पटत नाही. १ मार्चला इराकच्या उत्तरेला असलेल्या तुर्कस्तानच्या संसदेत अमेरिकी सैन्याला वाट देण्याचा प्रस्ताव मांडला गेला. बाजूने २६४ मते पडली, विरोधात २५०, तटस्थ १९. बाजूची मते जास्त होती, पण उपस्थितांचे बहुमत म्हणजे २६७. तीन मते कमी पडल्याने प्रस्ताव फेटाळला गेला. भूमध्य समुद्रात थांबलेली अमेरिकी जहाजे रणसामग्री घेऊन कुवेतकडे वळली आणि उत्तरेकडून चढाईचा बेत सोडावा लागला. पुढे २०१३ मध्ये सीरियात लष्करी कारवाईचा सरकारी प्रस्ताव ब्रिटिश संसदेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी नाकारला. त्या चर्चेवर इराकची सावली स्पष्ट होती.

रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर केलेल्या आक्रमणाचा आमसभेने २ मार्चला १४१ विरुद्ध ५ मतांनी निषेध केला. भारत, चीन, दक्षिण आफ्रिका यांच्यासह ३५ देश तटस्थ राहिले. आशिया-आफ्रिकेतील अनेकांचा सवाल होता, की हाच नियम इराकच्या वेळी कुठे होता? तो सवाल रास्त आहे. त्याने युक्रेनवरचा अन्याय मात्र कमी होत नाही. परिणाम दूरवर गेले. फिनलंड २०२३ मध्ये आणि दोन शतके लष्करी गटांबाहेर राहिलेला स्वीडन २०२४ मध्ये नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी युतीत दाखल झाला. रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी गोठवली गेली. आपलीही गंगाजळी उद्या अशीच अडकू शकते, ही धास्ती इतर देशांनाही वाटू लागली. देशातच ठेवलेले सोने असे गोठवता येत नाही; २०२२ मध्ये मध्यवर्ती बँकांची सोनेखरेदी १,००० टनांच्या वर गेली.

नियमही बदलत आहेत. नकाराधिकार वापरला गेल्यास दहा कामकाजी दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा व्हावी, असा ठराव एप्रिल २०२२ मध्ये झाला. नकाराधिकार त्याने जात नाही, पण तो वापरणाऱ्याला साऱ्या जगासमोर जाब विचारता येतो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला २०१८ पासून आक्रमणाच्या गुन्ह्यावर अधिकार आहे. मात्र सदस्य नसलेल्या राज्यांच्या नागरिकांवर सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवल्याशिवाय तो चालत नाही. रशिया सदस्य नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी युक्रेन आणि युरोप परिषद (मानवी हक्कांसाठीची युरोपीय देशांची संघटना) यांनी जून २०२५ मध्ये युक्रेनवरील आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी विशेष न्यायाधिकरणाच्या करारावर सह्या केल्या.