नोमो ‘निवृत्त’ झाला त्याची पार्श्वभूमी

२०२५च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, लॉस एंजेलिसने टोरंटोला सात सामन्यांत हरवलं. लॉस एंजेलिसच्या चार विजयांपैकी तीन योशिनोबु यामामोतो या एकाच जपानी पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, नावावर आहेत, आणि त्यातले शेवटचे दोन लागोपाठच्या रात्रींचे. जपानी पिचर अमेरिकेत जाऊन संघ जिंकून देतो, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. १९९४ सालापर्यंत मात्र ऐन उमेदीतल्या जपानी खेळाडूला तिकडे जायची सोयच नव्हती. ती वाट हिदेओ नोमो या पिचरने पाडली असं सरसकट सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. नोमो ज्या वाटेने गेला ती चार वर्षांत बुजवण्यात आली. आज खेळाडू जातात ती वाट निराळी आहे आणि तिच्यावर टोलनाका आहे.

नोमोच्या आधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १९६४ मध्ये ओसाकाच्या नानकाई क्लबने तीन पोरं सॅन फ्रान्सिस्कोच्या शिकाऊ संघांत धाडली. त्यातला डावखुरा मासानोरी मुराकामी इतका तयार निघाला की १ सप्टेंबरला त्याला थेट मुख्य संघात उतरवलं. मग हा खेळाडू कुणाचा, यावरून दोन्ही क्लब हातघाईवर आले. शेवटी १९६५चा हंगाम त्याने अमेरिकेत खेळावा आणि मग परत यावं, अशी तडजोड झाली. असं पुन्हा होऊ नये म्हणून १९६७ मध्ये दोन्ही देशांच्या आयुक्तांनी करार केला: एकमेकांच्या क्लबांशी बांधलेल्या खेळाडूंना हात लावायचा नाही. पुढची जवळजवळ तीस वर्षं कुणी लावला नाही.

नोमोचं घराणं क्लबच्या बेसबॉलचं नव्हे, कारखान्याच्या बेसबॉलचं. ओसाकाजवळच्या साकाई इथल्या पोलाद कंपनीच्या संघात तो घडला, १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये रौप्य मिळवणाऱ्या जपानी संघात होता. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू वाटून घेण्याच्या निवडीत, बारापैकी आठ क्लबांनी त्याच्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली किंतेत्सु या रेल्वे कंपनीच्या क्लबची. खेळाडूला विचारण्याची पद्धत नव्हतीच. नोमोने अट एवढीच घातली की माझी फेकण्याची ढब कुणी बदलायची नाही. दोन्ही हात डोक्यावर ताणून, फलंदाजाकडे पूर्ण पाठ फिरवून, मग गर्रकन वळून फेकायची ती ढब. जपानी वृत्तपत्रांनी तिला ‘टॉर्नेडो’ म्हटलं. पहिल्या प्रशिक्षकाने अट पाळली. १९९० च्या पहिल्याच हंगामात १८ विजय आणि २८७ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज. १९९० ते १९९३ सलग चार वर्षं त्याच्या लीगमध्ये सर्वाधिक विजय त्याचे आणि सर्वाधिक स्ट्राइकआउटही त्याचेच.

१९९३ मध्ये प्रशिक्षक बदलला. नवा प्रशिक्षक स्वतः त्याच क्लबकडून तीनशेहून जास्त सामने जिंकलेला जुना पिचर. जितकं फेकाल तितका खांदा घट्ट होतो, या पठडीतला. १ जुलै १९९४ च्या सामन्यात नोमोने चुकीचे चेंडू टाकून १६ जणांना चालत पहिल्या बेसवर पाठवलं, म्हणजे फुकट पुढे जाऊ दिलं, तरी त्याला मैदानातून काढलं नाही. १९१ चेंडू टाकून त्याने सामना पूर्ण केला आणि जिंकलाही. जिद्दीची कहाणी म्हणून हा सामना अजून सांगितला जातो. मला त्यात जिद्दीपेक्षा दुर्लक्ष जास्त दिसतं. त्याच हंगामात खांद्याने दगा दिला आणि वर्ष ८ विजयांवर संपलं.

आता तो वादाचा निर्णय. हिवाळ्यात कराराची बोलणी सुरू झाली तेव्हा नोमोने अनेक वर्षांचा करार मागितला आणि आपल्या वतीने एजंट बोलेल असं सांगितलं. दोन्ही गोष्टी जपानी क्लबांना त्या काळी अपमानास्पद वाटत. एजंटला तर खोलीत येऊ द्यायलाही ते तयार नसत. हा एजंट म्हणजे जपानमधल्या एका दिग्गज कॅचरचा (पिचरचा चेंडू झेलणाऱ्याचा) सावत्र मुलगा, आणि तो कॅचर मुराकामीच्याच नानकाई क्लबचा. हा योगायोग फारसा कुणी सांगत नाही.

एजंटने नियमावली आणि १९६७चा करार ओळीने वाचून काढला होता. मुक्त खेळाडू होण्याची तरतूद जपानने १९९३ मध्ये आणली होती, पण तिला दहा वर्षांची सेवा लागत होती. नोमोची पाचच झाली होती. मात्र ‘स्वेच्छानिवृत्त’ असा एक वेगळा वर्ग नियमांत होता. असा खेळाडू पुन्हा खेळायचं म्हणाला तर त्याला जुन्याच क्लबकडे यावं लागे, आणि हे बंधन जपानपुरतं लिहिलेलं होतं. अमेरिकेबद्दल तिथे अक्षर नव्हतं. एजंटने ही फट स्वतःपुरती ठेवली नाही. अमेरिकेच्या आयुक्त कार्यालयामार्फत जपानच्या कार्यालयाला रीतसर विचारणा झाली, आणि स्वेच्छेने निवृत्त झालेला खेळाडू अमेरिकेत करार करू शकतो, असं लेखी उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याला प्रश्नामागे कोण आहे याची कल्पना नसावी.

त्यानंतर बोलणी मुद्दाम ताणण्यात आली. क्लब चिडला. एवढंच असेल तर निवृत्तीच्या कागदावर सही कर, असा पवित्रा त्याने घेतला आणि जानेवारी १९९५ मध्ये तो कागद तयार झाला. क्लबच्या हिशेबाने ही शिक्षा होती: घरी बसेल, पैसे संपतील, खाली मान घालून परत येईल. नोमोने पत्रकारांना अमेरिकेत जातोय असं सांगितलं तेव्हा क्लबला उलगडा झाला.

फसवणूक झाली, असा क्लबचा सूर तेव्हा होता आणि जपानी वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. ‘गद्दार’ हा शब्दही वापरला गेला. नियमाचा हेतू मोडला, हे मान्य. पण ज्या नियमांखाली खेळाडूला क्लब निवडता येत नाही, एजंट नेमता येत नाही आणि चार वर्षं अव्वल राहूनही सुटता येत नाही, त्यांच्या हेतूची चाड खेळाडूनेच का बाळगावी? शिवाय सही मागणारा क्लबच होता. भारतीय वाचकांना यातलं काही ओळखीचं वाटेल. खेळत असलेल्या पुरुष क्रिकेटपटूला परदेशी टी-२० लीगची परवानगी आपलं मंडळ देत नाही. जायचं तर आधी निवृत्त व्हा. मुंबईच्या एका ४८ वर्षांच्या लेगस्पिनरला कोलकात्याने २०१९च्या आयपीएल लिलावात घेतलं, तरी तो अमिरातीत टी-१० खेळून आलाय म्हणून मंडळाने त्याला अपात्र ठरवलं. निवृत्तीचा शिक्का तिथे दार उघडतो, इथे बंद करतो.

अमेरिकेतली वेळ नोमोच्या पथ्यावर पडली. ऑगस्ट १९९४ पासून तिथे खेळाडूंचा संप होता, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती, लोक चिडले होते. फेब्रुवारीत लॉस एंजेलिसने त्याला २० लाख डॉलर बोनस देऊन घेतलं. एप्रिलमध्ये संप मिटला, प्रेक्षक मात्र परतले नाहीत. अशा वेळी पाठ फिरवून फेकणारा हा अनोळखी पिचर २ मे रोजी सॅन फ्रान्सिस्कोत उतरला. जूनमध्ये एका सामन्यात १६ स्ट्राइकआउट, जुलैत निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याची सुरुवात त्याच्या हातून, हंगामाअखेर १३ विजय, २३६ स्ट्राइकआउट आणि सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार. जपानमध्ये चौकाचौकांतल्या मोठ्या पडद्यांसमोर लोक सकाळी थांबून त्याचे सामने बघू लागले. ‘गद्दार’ लिहिणारी वृत्तपत्रं आता त्याचे चेंडू मोजत होती.

सप्टेंबर १९९६ मध्ये डेन्व्हरला, जिथे विरळ हवेत चेंडू लांब उडतो आणि पिचरची दैना होते, त्याने नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिली नाही. पाऊस पडून गेला होता, पाय घसरू नये म्हणून त्याने टॉर्नेडो सोडून आखूड हालचालीने फेक केली. त्या मैदानावर दुसरा नो-हिटर अद्याप झालेला नाही. १९९७ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया, मग न्यूयॉर्क, मिलवॉकी, डेट्रॉइट अशी भटकंती. एप्रिल २००१ मध्ये बॉस्टनकडून दुसरा नो-हिटर, २००२ आणि २००३ मध्ये पुन्हा लॉस एंजेलिसला प्रत्येकी १६ विजय. २००८ मध्ये कॅन्सस सिटीकडून तीन सामने खेळून तो थांबला. अमेरिकेत १२३ विजय, जपानमधले ७८ धरून २०१. २०१४ मध्ये जपानच्या हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं. त्याच जानेवारीत अमेरिकेच्या हॉल ऑफ फेमच्या मतदानात त्याला ६ मतं पडली.

तिकडे नियम लिहिणारे गप्प बसले नव्हते. १९९७ च्या सुरुवातीला हिदेकि इराबु या पिचरचे हक्क चिबाच्या क्लबने त्याला न विचारता सॅन दिएगोला देऊन टाकले. त्याला न्यूयॉर्कलाच जायचं होतं. महिनोन्महिने अडून बसल्यावर तो तिथेच गेला. मग हिरोशिमाच्या अकादमीत तयार झालेला डॉमिनिकन अल्फोन्सो सोरियानो नोमोच्याच वाटेने निवृत्त झाला. त्याचा एजंटही तोच होता. नियम दरम्यान बदललाय, असं जपानी बाजूचं म्हणणं होतं. तो बदल अमेरिकेला कळवायचा राहून गेला होता. १९९८ मध्ये अमेरिकी आयुक्ताने सोरियानोला मुक्त ठरवलं. त्याच डिसेंबरात नवा करार झाला आणि पोस्टिंगची पद्धत आली. स्वेच्छानिवृत्तीची फट कायमची बुजली.

पोस्टिंगमध्ये खेळाडू कधी सोडायचा हे क्लब ठरवतो. अमेरिकी संघ बंद लिफाफ्यात बोली लावत, सर्वाधिक बोलीची रक्कम क्लबला जाई आणि खेळाडूला त्या एकाच संघाशी बोलता येई. इचिरो या फलंदाजासाठी २००० मध्ये १ कोटी ३१ लाख डॉलर आले. २००६ मध्ये पिचर दाइसुके मात्सुझाका बॉस्टनला गेला तेव्हा त्याच्या क्लबला ५ कोटी ११ लाख मिळाले आणि त्याला स्वतःला सहा वर्षांचे ५ कोटी २० लाख. नोमोच्या क्लबला १९९५ मध्ये छदामही मिळाला नव्हता. २०१३ मध्ये बोलीला २ कोटींची मर्यादा घालून खेळाडूला संघ निवडायची मुभा मिळाली, आणि पुढे ही रक्कम खेळाडूच्या कराराच्या टक्केवारीशी बांधली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये यामामोतोने लॉस एंजेलिसशी १२ वर्षांचा ३२ कोटी ५० लाखांचा करार केला. ओसाकाच्या ओरिक्स क्लबला ५ कोटींवर टोल मिळाला. नोमोचा किंतेत्सु क्लब २००४ च्या अखेरीस याच ओरिक्समध्ये विलीन झाला होता.

आता वाद वयाचा आहे. अमेरिकी नियमांनुसार २५ च्या आतला परदेशी खेळाडू शिकाऊ धरला जातो आणि त्याच्या बोनसवर मर्यादा येते. यामामोतो २५ पूर्ण करून गेला. चिबाच्या क्लबचा पिचर रोकि सासाकी जानेवारी २०२५ मध्ये २३ व्या वर्षीच गेला, त्याच लॉस एंजेलिसकडे, ६५ लाख डॉलर बोनसवर. अशा करारात जपानी क्लबला बोनसच्या पाव हिस्सा मिळतो. म्हणजे चिबाच्या क्लबच्या हाती जेमतेम १६ लाख आले. दोन वर्षं थांबवलं असतं तर कोट्यवधी मिळाले असते, मग इतक्या लवकर सोडलंच कशाला, असा जाब चाहत्यांनी त्या क्लबला विचारला.