कागदातली छिद्रे आणि देब्युसींची दुगुन

‘स्वतः देब्युसी (फ्रेंच संगीतकार) वाजवत आहेत’ अशा मथळ्याखाली इंटरनेटवर फिरणारी काही ध्वनिमुद्रणे इतकी स्वच्छ असतात की शंभर वर्षांपूर्वीच्या तंत्राचे कौतुक वाटावे. कौतुक जरूर करावे, पण कशाचे ते आधी पाहावे, कारण त्यात ऐकू येणारा आवाज देब्युसी वाजवत होते त्या काळचा, १९१२ च्या सुमाराचा, नसतोच. तो कितीतरी वर्षांनी दुसऱ्याच पियानोवर मुद्रित केलेला असतो. देब्युसींकडून उरले आहे ते छिद्रे पाडलेल्या कागदाचे भेंडोळे.

खराखुरा जुना आवाज हवा असेल तर जर्मन संगीतकार ब्राम्स यांच्याकडे जावे. २ डिसेंबर १८८९ रोजी व्हिएन्नातील एका घरी, एडिसनचे प्रतिनिधी थिओ वांगेमान यांच्या यंत्रासमोर, त्यांनी आपल्या पहिल्या ‘हंगेरियन नृत्या’चा काही भाग वाजवला आणि तो मेणाच्या सिलिंडरवर उतरला. आज त्या खरखरीत पियानो शोधावाच लागतो. तरी सुई हलवणारी कंपने ब्राम्स यांच्याच बोटांनी उठवलेली होती.

देब्युसींचे भेंडोळे जर्मनीतील फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने १९०४ मध्ये आणलेल्या ‘वेल्टे-मिन्यों’ या आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या पद्धतीचे; तिच्यात आवाज मुळीच साठवला जात नाही. कोणती पट्टी केव्हा दाबली, केव्हा सोडली आणि साधारण किती जोराने, एवढ्याच आज्ञा कागदावर असतात. वाजवताना हा कागद भोकांची रांग असलेल्या दांडीवरून सरकतो. कागदातले छिद्र भोकावर आले की हवा आत शिरते, झडप हलते, आणि पंप सतत हवा ओढत असल्यामुळे एक छोटा भाता मिटून त्या स्वराची हातोडी तारेवर आदळवतो. पट्ट्या आपोआप खाली-वर होताना पाहून दिवंगत वादकाचा आत्मा अवतरल्याचा भास कोणाला झालाच, तर त्याचे श्रेय त्या पंपाला द्यावे.

खरी मेख जोरात आहे. भाता किती जोराने मिटेल हे हवेच्या ओढीवर ठरते, आणि ही ओढ कमी-जास्त करणारे नियंत्रक दोनच असतात: एक खालच्या अर्ध्या पट्ट्यांसाठी, दुसरा वरच्या अर्ध्यांसाठी. कागदाच्या कडांजवळची वेगळी छिद्रे ही ओढ हळूहळू किंवा झटक्यात बदलतात. मात्र एकाच टाकीवरच्या शेजारच्या नळांना पाणी जसे सारख्याच दाबाने येते, तसे एकाच अर्ध्या भागात नेमक्या एकाच क्षणी वाजणाऱ्या स्वरांना सारखाच जोर मिळतो. कसलेला वादक तर चार स्वर एकत्र दाबताना एखादा स्वर किंचित उठावदार ठेवतो, आणि देब्युसींच्या संगीताचा अर्धा रंग तिथेच असतो. तेव्हा ‘जणू वादक समोर बसला आहे’ ही जाहिरात झाली.

लयीचे काय? तबकडीचा वेग चुकला तर स्वरही चढतो किंवा उतरतो. नॉर्वेचे संगीतकार ग्रीग यांच्या १९०३ सालच्या पॅरिसमधील तबकड्यांबाबत मूळ रचनेचे सूर माहीत असल्याने ही चूक पकडता येते. भेंडोळे जलद फिरवले तर लय वाढते, स्वर मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे ही कसोटी इथे निरुपयोगी ठरते आणि देब्युसींची लय नेमकी अमुकच होती, असे ठामपणे सांगणाऱ्यावर चटकन विश्वास ठेवू नये. परंतु एकाच भेंडोळ्यातल्या दोन लयींचे गुणोत्तर वेग चुकला तरी टिकून राहते, कारण चूक दोन्हींना सारखीच लागू होते.

देब्युसींच्या ‘पाण्याखालचे कॅथेड्रल’ या प्रेल्यूडमध्ये (छोट्या पियानोरचनेत) नेमके हेच कामी आले. १९१० च्या छापील प्रतीत लय दुप्पट करण्याची सूचना नाही. देब्युसी मात्र ७ ते १२ आणि २२ ते ८३ या बारमध्ये (आवर्तनासारख्या छोट्या भागांत) हाफ नोटला, म्हणजे क्वार्टर नोटच्या दुप्पट लांबीच्या स्वराला, तेवढाच वेळ देतात, जेवढा एरवी क्वार्टर नोटला. म्हणजे आपल्या भाषेत दुगुन. छापील प्रत इमानाने पाळणाऱ्या वादकांच्या हातून हा मधला भाग रेंगाळतो आणि घंटानादासारख्या स्वरसमूहांपाशी जड होतो. फ्रान्समध्ये पुढे निघालेल्या देब्युसींच्या समग्र आवृत्तीच्या संपादकांनी भेंडोळ्यातले हे समीकरण नोटेशनमध्येच छापले.