केलॉग बंधूंचा मका: पाणी, तेल आणि कुरकुरीतपणा

उकडलेला गहू रात्रभर तसाच राहिला, सकाळी रोलरमधून काढला तर त्याचे सुटे पापुद्रे पडले, आणि कॉर्नफ्लेक्सचा जन्म झाला. केलॉग कंपनीची गोष्ट सहसा इथेच संपवली जाते. पण तो पहिला पापुद्रा मक्याचा नव्हताच, गव्हाचा होता. मक्याचा विकण्याजोगा पापुद्रा निघायला त्यानंतर कित्येक वर्षे गेली, आणि ती वर्षे योगायोगाची नव्हती. दाण्यात पाणी नेमके किती आणि कुठल्या टप्प्यावर ठेवायचे, आणि तेल का ठेवायचे नाही, हे उमगण्यात ती गेली. कंपनी उभी राहिली ती या दोन उत्तरांवर.

ठिकाण होते अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले बॅटल क्रीक. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाने तिथे आरोग्यधाम चालवले होते. १८७६ पासून त्याची सूत्रे डॉ. जॉन हार्वी केलॉग यांच्याकडे आली. त्यांचे धाकटे भाऊ विल कीथ हे वडिलांच्या कारखान्यातले झाडू विकायचे. १८८० साली ते आरोग्यधामात रुजू झाले आणि पुढची पंचवीस वर्षे हिशेब, खरेदी, पत्रव्यवहार हे सगळे त्यांच्या अंगावर राहिले. रुग्णांना मांस, चहा, कॉफी काहीच मिळत नसे. धान्य पूर्ण शिजवून वर खरपूस भाजले की त्यातले पिष्ट निम्मे पचल्यासारखेच होते, असे डॉक्टरांचे मत होते. तोवर बाजारात आलेले तयार धान्यपदार्थ मात्र खाणाऱ्याचा अंत पाहणारे होते. डॉ. जेम्स जॅक्सन यांचा १८६३ चा ‘ग्रॅन्युला’ इतका टणक असे, की तो रात्रभर भिजवावा लागे.

म्हणून डॉक्टर, त्यांच्या पत्नी एला आणि विल गहू उकडून रोलरमधून लाटायचे प्रयोग करत होते. बाहेर यायचा तो चिकट लगदा, रोलरला घट्ट बसलेला आणि खरवडून काढावा लागणारा. १८९४ साली एकदा उकडलेला गहू पडून राहिला. थोडा शिळा झालेला तो माल टाकून न देता लाटला, तेव्हा दाण्यागणिक एक पातळ चकती सुटून आली. हे श्रेय कोणाचे, यावर दोघा भावांच्या आठवणी पुढे जुळल्या नाहीत. विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती रात्र.

उकडलेल्या दाण्यात त्या रात्री दोन गोष्टी घडल्या. पहिली पाण्याची. नुकत्याच शिजलेल्या दाण्याचा पृष्ठभाग ओला असतो आणि गाभा त्यामानाने कोरडा. काही तास मिळाले की पाणी आत झिरपते, वरचे थोडे उडून जाते आणि दाणा आतबाहेर सारखा होतो. दुसरी पिष्टाची. शिजताना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि त्यातला अमायलोज हा लांब साखळीचा रेणू बाहेर येतो. चिकटपणा त्याचा. गार होताना या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून घट्ट जाळे बांधतात, आणि दाणा चिकट राहण्याऐवजी चिवट होतो. चिवट दाणा दाबला की पसरतो, पण रोलरला धरून बसत नाही.

हे योगायोगाने कळले असले, तरी पेटंटमध्ये त्याची शिस्तशीर कृती झाली. डॉ. जॉन यांनी ३१ मे १८९५ रोजी अर्ज केला आणि १४ एप्रिल १८९६ रोजी पेटंट मिळाले. धान्य आठ ते बारा तास भिजवायचे, आणि तेही एकतर गार पाण्यात किंवा ४३ ते ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात. कारण मधल्या कोमट पाण्यात ते आंबते. मग सगळे पिष्ट शिजेपर्यंत, म्हणजे तासभर उकळायचे. मग गार करून थोडे वाळवायचे आणि थंड रोलरमधून काढायचे. रोलरच्या पृष्ठभागाला टेकवलेल्या पट्ट्या पापुद्रा उचलून घेतात. शेवटी तो भट्टीत कुरकुरीत होईतो भाजायचा. यातला ‘थंड’ हा शब्द नजरेतून सुटू नये. रोलर तापला की पिष्ट पुन्हा मऊ होते आणि सगळे मुसळ केरात. आजच्या कारखान्यांतही रोलरच्या पोटातून थंड पाणी फिरवतात.

आपल्या पोह्यांशी ताडून पाहिले तर हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. पोह्यांसाठी भात, म्हणजे साळ, भिजवून गरम वाळूत भाजतात आणि दाणा गरम, मऊ असतानाच कांडतात. तिथे मुरवणे नाही, नंतरची कडक भाजणीही नाही. म्हणून पोहे भिजवावे लागतात किंवा परतावे, तळावे लागतात. बॅटल क्रीकच्या पापुद्र्याला पाकिटातून थेट वाडग्यात जायचे होते. त्यामुळे शिजवणे, मुरवणे, चपटे करणे आणि भाजणे हे चारही टप्पे वेगळे ठेवणे भाग होते.

गव्हाचे पापुद्रे ‘ग्रॅनोज’ नावाने विकले जाऊ लागले. मग मक्याची पाळी आली. १८९८ च्या सुमाराचे पहिले मक्याचे पापुद्रे अख्ख्या दाण्याचे होते. ते बेचव होते आणि दुकानात पडून पडून खवट होत. गव्हाने दिला नव्हता तो त्रास मका का देत होता?

उत्तर कोंबात आहे. अख्ख्या मक्यात साधारण ४ टक्के तेल असते. दाण्याच्या वजनात कोंबाचा वाटा जेमतेम ११-१२ टक्के, पण त्या तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त तेल तिथेच साठलेले असते. मक्याच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलिक आम्ल असते, आणि हवेतला ऑक्सिजन त्यावर सहज हल्ला चढवतो. त्यातून हेक्झानालसारखी वासाची संयुगे तयार होतात. शिजवल्याने तेल फोडणारी विकरे निकामी होतात, पण ऑक्सिजनला शिजवण्याने काही फरक पडत नाही. उलट पापुद्रा केल्याने दाण्याचा हवेला लागणारा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो. आणि अगदी कोरड्या पदार्थात तेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने होते, कारण तेलावर पाण्याचा पातळसा थरही उरत नाही. कुरकुरीतपणासाठी पापुद्रा जितका वाळवावा तितकी खवटपणाला वाट मोकळी.

म्हणून तेलच काढून टाकले. मक्यावर थोडे पाणी किंवा वाफ मारली की साल आणि कोंब पाणी ओढून रबरासारखे लवचीक होतात, मधला पिष्टाचा भाग मात्र टणक राहतो. आता दाणा रगडला की टणक भाग फुटतो, कोंब अखंड निसटतो, आणि चाळणी व वाऱ्याच्या झोताने तो वेगळा करता येतो. उरलेल्या जाड कणीत तेल एका टक्क्याच्याही खाली असते. कोंबाबरोबर ई जीवनसत्त्व आणि बराचसा थायमिनही जातो, ही त्याची किंमत. कॉर्नफ्लेक्समध्ये जीवनसत्त्वे वरून घालण्याची पद्धत पुढे रूढ झाली, ती याच उणिवेपोटी. पारंपरिक पद्धतीच्या कॉर्नफ्लेक्समध्ये एक पापुद्रा म्हणजे अशा कणीचा एक तुकडा. म्हणूनच ते एकसारखे गोल नसतात, वेडेवाकडे असतात.

कणी टिकली, पण चव सपकच होती. विल यांनी माल्ट (मोड आणलेल्या जवाचा गोडसर अर्क), मीठ आणि साखर घातली. साखरेला डॉक्टरांचा ठाम विरोध होता. आणखी एक सल होता. सी. डब्ल्यू. पोस्ट १८९१ साली आरोग्यधामात रुग्ण म्हणून आले होते. त्यांनी १८९५ मध्ये ‘पोस्टम’ हे कॉफीऐवजी घ्यायचे पेय आणि १८९७ मध्ये ‘ग्रेप-नट्स’ हा न्याहारीचा धान्यपदार्थ काढून त्याच गावात मोठा धंदा उभा केला, आणि गावात डझनावारी कंपन्या उगवल्या. भावाच्या सावलीत हिशेब लिहिणाऱ्या विल यांना हे उघड्या डोळ्यांनी पाहावे लागले. अखेर मक्याच्या पापुद्र्याचे हक्क विकत घेऊन त्यांनी १९ फेब्रुवारी १९०६ रोजी ‘बॅटल क्रीक टोस्टेड कॉर्न फ्लेक कंपनी’ काढली. वय शेहेचाळिशीला टेकलेले होते. पुढच्याच वर्षी, ४ जुलैला, मुख्य कारखाना जळाला, तोही त्यांनी लगेच पुन्हा बांधायला घेतला. नकलांचा सुळसुळाट असल्याने खोक्यावर स्वतःची सही छापली. डॉक्टरांनीही केलॉग नावाने माल काढल्यावर भाऊ भावाविरुद्ध कोर्टात गेला, आणि १९२० साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने विल यांच्या बाजूने निकाल दिला. दोघांचे संबंध त्यानंतर सुधारले नाहीत. माझ्या मते या पदार्थाला दोघेही लागले. डॉक्टरांचा हट्ट नसता तर पापुद्रा निघाला नसता, आणि विल यांची चिकाटी नसती तर तो आरोग्यधामाच्या भोजनगृहातच राहिला असता.

विल यांच्या काळापासून ही पद्धत मुळात बदललेली नाही, आकडे तेवढे काटेकोर झाले. १०० किलो कणीला साधारण ६ किलो साखर, २ किलो माल्टचा पाक आणि २ किलो मीठ पाण्यात कालवून घालतात. फिरत्या पिंपात वाफेच्या दाबाखाली हे सुमारे दोन तास शिजते. दाब घरगुती प्रेशर कुकरमध्ये असतो तेवढाच, किंवा थोडा जास्त. शिजले की नाही हे कणी फोडून डोळ्यांनी ठरवतात. कच्ची कणी खडूसारखी पांढरी असते, शिजलेली सोनेरी आणि अर्धपारदर्शक दिसते. मधोमध पांढरा ठिपका राहिला तर पापुद्र्यावर तिथे टणक डाग येतो. जास्त शिजली तर गोळे होतात आणि वाळवताना आत ओल राहते.

शिजलेल्या कणीत २८ ते ३४ टक्के पाणी असते. गरम हवेत ते १५ टक्क्यांच्या आसपास आणतात आणि मग कणी काही तास मुरू देतात. पूर्वी पूर्ण दिवसभर मुरवत. १८९४ ची ती रात्र म्हणजे हाच टप्पा. घाईने मुरवण कमी केली तर कणी बाहेरून कोरडी आणि आतून चिकट राहते. मग पापुद्र्याच्या कडा चिरतात आणि मधला भाग रोलरला चिकटतो. पाणी जास्त राहिले तर पापुद्रे एकमेकांना चिकटून वळकट्या होतात, कमी पडले तर भुगा होतो. रोलरचा दाब जिथे दाणा पडतो तिथे सुमारे ४० टनांचा असतो.

मग भट्टी, ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, मिनिट-दीड मिनिट. कॉर्नफ्लेकचा एक तुकडा उजेडात धरून पाहा, त्यावर बारीक फोड दिसतील. पापुद्र्यात उरलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, बाहेर पडायला वाट मिळत नाही म्हणून ती पिष्टाचा थर फुगवते, आणि तो थर तसाच सुकून टणक होतो. दात लागताच फुटतात ते हे फोड. भट्टी मंद असली तर पाणी हळूहळू निघून जाते, फोड येत नाहीत, आणि पापुद्रा सपाट, दाताला लागणारा होतो. तांबूस रंग आणि भाजका वास माल्टमधली साखर व प्रथिने यांच्या मेलार्ड अभिक्रियेतून येतो. भट्टीतून निघताना पाणी अवघे दोन-तीन टक्के उरते.

या गणिताचा उलटा पुरावा दिवाळीत मिळतो. चिवड्याचे मक्याचे पोहे म्हणजे न भाजलेला, वाळवलेला मक्याचा पापुद्राच. त्यात अजून पाणी शिल्लक असते, म्हणून कडकडीत तेलात पडताच ते फुलतात. तेल कोमट असेल तर फुलत नाहीत, नुसते तेल पितात. भाजलेले कॉर्नफ्लेक्स तळले तर फुलणार नाहीत, करपतील, कारण फुलवणारे पाणी भट्टीतच संपलेले असते.

भट्टीतून निघालेला पापुद्रा हवेतली ओल ओढायला टपलेला असतो. पाणी सात-आठ टक्क्यांपलीकडे गेले की काचेसारखे कडक पिष्ट मऊ पडते आणि पापुद्रा सादळतो. कंपनीने १९१४ साली ‘वॅक्सटाइट’ नावाचे मेणकागदाचे वेष्टन आणले. आधी ते खोक्याच्या बाहेरून गुंडाळत, पुढे आत पिशवी करून घालू लागले. लांबच्या गावी रेल्वेने माल पाठवणे त्यामुळे सोपे झाले. १९२२ मध्ये कंपनीचे नाव ‘केलॉग कंपनी’ झाले.

भारतात ही कंपनी १९९४ साली आली, कारखाना रायगड जिल्ह्यातल्या तळोज्याला. सुरुवातीला विक्री रेंगाळली, आणि एक कारण निव्वळ भौतिकशास्त्राचे होते. आपल्याकडे दूध तापवून गरमच घेतात. गरम दूध पातळ असते, फोडांच्या पोकळीत झपाट्याने शिरते, आणि उष्णतेने पिष्ट आणखी लवकर मऊ होते. गार दुधात काही मिनिटे टिकणारा पापुद्रा गरम दुधात बघता बघता लगदा होतो. ज्यांना गरम दूधच हवे, त्यांनी दूध आधी वाडग्यात घ्यावे आणि फ्लेक्स मूठमूठ वर टाकत खावेत. पावसाळ्यात पाकीट सादळले तर कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटे सतत हलवत परतावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावेत. गरम भरले तर झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी परत पापुद्र्यात जाते. खवट वास आला असेल तर मात्र परतून उपयोग नाही, ते टाकूनच द्यावेत.