फॉर्मवरची पहिली ओळ: नाशिकमधल्या ब्रँच निवडीची पार्श्वभूमी

नाशिकला पदवीपर्यंत शिकायची सोय १९२४ पासून आहे. पण आज घराघरात इंजिनिअरिंगची 'कुठली ब्रँच?' (म्हणजे शाखा) म्हणून जो घोर लागतो तो त्या काळचा नाही. १९६० च्या दशकात ओझरला विमान कारखाना आला, सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे अंबडची झाली. मुलाला कंपनीत चिकटवायचं तर आयटीआय किंवा डिप्लोमा, हे गणित तेव्हा पक्कं झालं. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी नाशिकमध्येही असं कॉलेज निघालं. वडील सातपूरला फिटर आणि मुलगा मेकॅनिकलचा इंजिनिअर, अशी कितीतरी घरं सिडकोत आणि सातपूर कॉलनीत सापडतील.

पुढे पुण्यात आयटी वाढलं आणि ओढा कॉम्प्युटरकडे गेला. नाशिकमध्ये कारखाने तसेच राहिले, पण मुलांना दिसणारा पगार पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कचा होता. २०१९ पासून प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, निकाल मार्कांऐवजी पर्सेंटाइलमध्ये (आपण किती टक्के मुलांच्या पुढे आहोत त्यात) लागू लागला आणि 'एवढ्यात कुठलं कॉलेज मिळेल' हाच प्रश्न 'काय शिकायचं' याच्या आधी येऊ लागला.

इथे 'ऑटो फ्रीज'बद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण निवडीचा खरा निर्णय तिथे होतो. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फॉर्मवर कॉलेज आणि ब्रँच यांच्या जोड्या पसंतीक्रमाने भरायच्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची जोडी लागली तर ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. २०२५-२६ च्या प्रवेशांत दुसऱ्या फेरीसाठी पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीसाठी पहिले सहा पर्याय असे बांधले गेले, म्हणजे त्यातला कुठलाही लागला तरी तोच पक्का. याने जागा अडून राहत नाहीत, वर्ग वेळेवर सुरू होतात, हे खरं आहे. पण फॉर्म भरायच्या दिवसांत कॉलेज रोडवरच्या एखाद्या सायबर कॅफेत जाऊन पाहावं. निफाडहून आलेले वडील वहीत मागच्या वर्षीचे कटऑफ लिहून आणतात. मुलगी म्हणते, "बाबा, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) वर घेऊ या." कॅफेवाला म्हणतो, "कॉम्प्युटर आधी टाका, खाली काहीही टाका." वडील कॅफेवाल्याचं ऐकतात. अठरा वर्षांच्या मुलीची चार वर्षं त्या क्रमाने ठरतात. नियम करणाऱ्यांनी जागांचा हिशोब नीट केला. विद्यार्थ्याला विचार बदलायला किती वाव ठेवायचा, याचा केला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलायचे अर्ज येतात. जागा रिकामी असेल आणि मार्क चांगले असतील तरच ते जमतं, म्हणजे ज्याला ती ब्रँच झेपत नाही त्यालाच बदल सर्वांत अवघड. मॅनेजमेंट कोट्यातून हवी ती ब्रँच घ्यावी तर फीची सवलत जाते, कारण ती कॅपमधून मिळालेल्या जागेलाच आहे. २०२४-२५ पासून ठरावीक उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळते, त्यामुळे त्यांच्यासाठी तर ही अट फारच मोठी ठरते.

आर्ट्स-सायन्सला हा पेच वेगळ्या रूपात आहे. पूर्वी आर्ट्सला दुसऱ्या वर्षी 'स्पेशल', म्हणजे मुख्य विषय, घ्यायचा. आता नव्या शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षी तीन विषय आणि पुढे त्यातला एक मेजर (मुख्य), एक मायनर (दुय्यम). कागदावर मोकळीक वाढली. सुरगाणा, पेठकडच्या मुलांना मात्र तालुक्याच्या कॉलेजात ज्या विषयाचे प्राध्यापक आहेत तोच मेजर मिळतो. भूगोल हवा असला तरी विभाग नसेल तर मराठी किंवा इतिहास घ्यायचा, नाहीतर नाशिकला खोली करून राहायचं.

२०२४-२५ पासूनच इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रवेशक्षमतेवरची वरची मर्यादाही उठली. ज्या ब्रँचला मागणी आहे तिच्याच जागा वाढवायचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला आणि कॉम्प्युटर, एआयच्या तुकड्या वाढू लागल्या. सातपूर-अंबडच्या शॉप फ्लोअरला मात्र अजूनही मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलचीच माणसं लागतात.